आठशे तासांचे फुकट श्रम

ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीला किमान ८०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत विनावेतन घालवावे लागतात. १ जुलै २०२५ पासून तेथील सरकारने (ते मजूर पक्षाचे आहे!) या काळासाठी गरजूंना साप्ताहिक भत्ता सुरू केला, परंतु केरळातून वा महाराष्ट्रातून कर्ज काढून गेलेली मुलगी त्यास अपात्र. त्याच दिवशी विद्यार्थी-व्हिसाचे शुल्क मात्र १,६०० डॉलरांवरून २,००० झाले. महामारीत वृद्धाश्रमांना मनुष्यबळ हवे होते, तेव्हा तिच्या कामाच्या तासांवरील बंधन उठले; २०२३ मध्ये ते पुन्हा लादले गेले. कायम वास्तव्याच्या आशेपायी ती हे सारे मुकाट्याने सोसते. भत्त्याची मागणी तिच्यासाठीही करणे हे तेथील परिचारिका संघटनांचे कर्तव्य आहे.