गाडी स्लो पकडत नाही

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार, दुपारचे बारा आणि करमाडचा भर रस्ता. गतिरोधक आला म्हणून मी क्लच दाबला, वेग कमी केला आणि इंजिनाने दोन आचके देऊन डोळे मिटले. मागे जालन्याहून लोखंडी सळया भरून निघालेला ट्रक होता. त्याचे ब्रेक लागले ते आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर. मागच्या सीटवर माझी थोरली बहीण बसली होती. तिला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी शहरात न्यायचे होते. अक्काने काळा चष्मा कपाळावर सरकवला, मागे वळून ट्रकच्या दिव्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "बाळ्या, पुढच्या वेळी मी एस.टी.नं येईन."

या पानावर मी आजवर वाचकांना गळके नळ, कुरकुरणारे पंखे आणि रुसलेली शिलाई यंत्रे यांच्याबद्दल बरेच शहाणपण शिकवले आहे. त्यामुळे या वेळची हकीकत सांगायला जीभ थोडी अडखळते. पण दिवाळीच्या आधी घरातली अडगळ बाहेर काढायची असते, तशी हीही काढतो.

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईत या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून आमच्या गाडीकडे लोक आजारी नातेवाइकाकडे पाहावे तसे पाहतात. छत्रपती संभाजीनगरहून करमाड वीसेक किलोमीटर. चिकलठाणा ओलांडले, शेंद्र्याचे कारखाने मागे टाकले, की अक्काचे घर आलेच. वडील असताना दर पंधरवड्याला याच गाडीतून जाणे होई. ते गेल्यावर मी तो परिपाठ चालू ठेवला आहे.

आता दुखणे सांगतो. गाडी सकाळी पहिल्या खटक्याला चालू होई. वेगात असताना कसलीही तक्रार नाही. पण इंजिन तापले आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की ती थरथरू लागे, लटपटे आणि बंद पडे. मिस्त्री लोक याला 'गाडी स्लो पकडत नाही' असे म्हणतात. सिग्नलला उभे राहायचे तर डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाच्या टाचेने ब्रेक आणि त्याच पायाच्या अंगठ्याने रेस, अशी कसरत चाले. या वयात माणसाने योगासने करावीत हे मान्य, पण क्रांती चौकात नव्हे.

त्या रविवारी ढकलत ढकलत गाडी करमाडच्याच एका मिस्त्रींच्या टपरीपुढे नेली. डिसेंबरात त्यांनीच तिचे टॅपेट लावून कार्बोरेटर साफ करून दिला होता. म्हातारे गृहस्थ आहेत. वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाडीला त्यांचाच हात. मी घामाघूम झालो होतो, घाबरलोही होतो, आणि घाबरलेला माणूस कुणावर तरी ओरडतोच. शेजारच्या चहाच्या दुकानात आठदहा माणसे बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही माझ्या गाडीतला असली जेट काढून दुसराच बसवलात. माझी बहीण आज ट्रकखाली गेली असती."

मिस्त्री काही बोलले नाहीत. बोनेट उघडले, वाकून एकदा आत पाहिले, स्लोचा स्क्रू थोडा आवळून इंजिन घरी पोचण्यापुरते चालेल असे करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. पैसे न घेणे हा मला गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला!

त्यानंतरचे चार महिने शहरातल्या गॅरेजांत गेले. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने पॉइंट बदलून कंडेन्सरही नवा टाकला. तिसऱ्याने पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. आणि प्रत्येकाने निरोप देताना स्लोचा तो स्क्रू आणखी थोडा आवळला. म्हणजे गाडी थांबल्यावर बंद पडत नसे, पण उभ्या जागी अशी गर्जना करी, की शेजारच्या रिक्षावाल्याने मला दोनदा "काका, पाय काढा" असे सांगितले. पाय काढलेलाच होता. शिवाय पेट्रोल गाडीची पी.यू.सी. तपासणी ती जागच्या जागी चालू ठेवूनच होते. तिथल्या मुलाने नळी लावून काट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आधी इंजिन शांत करून आणा." सगळा मिळून खर्च अकरा हजारांच्या वर गेला. घरात ठराव झाला, की भाऊबीजेपर्यंत गाडी नीट झाली नाही तर ती भंगारात द्यायची. ठराव सौ.ने मांडला. अनुमोदन मुलाने दिले.

मधल्या काळात मी नव्या पेट्रोललाही दोष देऊन पाहिला. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून सांगतो. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे त्याच्यासाठी बनवलेले नव्हते, त्या मऊ पडतात किंवा चिरतात. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळही त्याने सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळही होते. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी नळ्या आणि फिल्टर बदलून घ्यावेत. मी बदलले. दुखणे कमी झाले, गेले नाही.

शेवटी ऑगस्टमध्ये एका दुपारी मी गॅरेज सोडून डोके वापरायचे ठरवले. चोकची मूठ अर्धा इंच ओढली. काय आश्चर्य! तापलेले इंजिन शहाण्या मुलासारखे संथ चालू लागले. चोक म्हणजे जास्त पेट्रोल. म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडत होते, नाहीतर हवा जास्त होत होती. स्लोचा बारीक जेट तर तीन जणांनी तीनदा फुंकून साफ केला होता. तेव्हा उरली हवा. कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरत होती.

ती वेगात असताना का त्रास देत नव्हती, हेही तेव्हाच उमगले. पाय उचलला की कार्बोरेटरमधली चकती जवळजवळ मिटते. चकतीच्या खालच्या बाजूला इंजिन जोराने ओढत असते, पण आत येणारी हवा अगदी घोटभर असते. त्या घोटात चोरवाटेची हवा मिसळली, की मिश्रण पेट घेत नाही. वेगात मात्र हवेचा लोंढाच येतो. लोंढ्यात चमचाभर हवा जास्त झाली तर कुणाला कळणार? आणि स्लोचा स्क्रू आवळला की चकती थोडी उघडी राहते, हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतात, आणि चोरवाट तशीच राहून तिच्यावर पांघरूण पडते. अकरा हजारांपैकी बराच पैसा या पांघरुणाचा होता.

एवढे कळल्यावर मी विजयी मुद्रेने सौ.ला म्हणालो, "बघ, मिस्त्रींनी कार्बोरेटर बसवताना पॅकिंग नीट लावलं नाही." ती काही बोलली नाही. आतून हिशेबाची वही घेऊन आली. तिच्या वहीत दुधापासून देणगीपर्यंत सगळे असते, आणि कशासाठी हेही असते. तिने पाने उलटली. डिसेंबरात मिस्त्रींची मजुरी. जानेवारीत पेट्रोल, पैठणला जाऊन येणे, शेऱ्यात 'गाडी उत्तम'. संक्रांतीला अक्काकडे, 'गाडी उत्तम'. फेब्रुवारीच्या शेवटी एक ओळ होती: 'कात्रीला धार, तीस रुपये'.

"माझी शिवणाची कात्री कशी बोथट झाली होती, आठवतं का?" तिने विचारले.

आठवले. आठवले तेव्हा मी खुर्चीवर बसलो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला गाडीची सेवा करण्याची हुक्की आली होती. मी स्वतः कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलने धुतला आणि परत बसवताना त्याच्या बुडाचे पॅकिंग फाटले. रविवारी दुकाने बंद. टेबलावर एका लग्नाची जाड, गुळगुळीत, सोनेरी कडांची पत्रिका पडली होती. तिच्यातून मी पॅकिंग कापले, आणि तेही शिवणाच्या कात्रीने. वर नट अंगातले सगळे बळ लावून आवळले. दोनतीन आठवडे गाडी उत्तम चालली आणि मी ते विसरून गेलो. म्हणजे इतका विसरलो, की एप्रिलमध्ये दहा माणसांसमोर दुसऱ्याला चोर ठरवताना ते आठवलेसुद्धा नाही.

गणपती झाल्यावर आम्ही दोघे करमाडला गेलो. वाटेत मी दोन तऱ्हेची भाषणे तयार केली होती. चहाच्या दुकानात त्याच बाकांवर बहुधा तीच माणसे बसली होती. भाषण दोन्ही विसरलो. एवढेच म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी होती. तुम्ही जेट बदलला नव्हता. पॅकिंग मी पत्रिकेचं घातलं होतं." दुकानातला स्टोव्ह फरफरत होता, तेवढाच आवाज. मिस्त्रींनी हात पुसले.

"मला त्याच दिवशी दिसलं होतं साहेब. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. माझ्या हाताचे नव्हते ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकत होता कुठं?"

सौ.ने पदराच्या आड हसू लपवले, ते मला आरशात दिसले. मिस्त्रींनी मात्र बोनेट उघडले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी बोटाने घट्ट ग्रीस थापले. ग्रीसचा थर फिरत फिरत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला, जणू कुणी खिडकी लावून घेतली. "इथून हवा खात होती," ते म्हणाले. चार महिने तीन गॅरेजांना जे सापडले नाही ते बोटभर ग्रीसने सापडले. गाडीवर पेट्रोल शिंपडून हीच परीक्षा करणारे लोक मी पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनाजवळ ते कृपा करून करू नका.

कार्बोरेटर उतरवला. पत्रिका आटून, काळी पडून खापरासारखी झाली होती. सोनेरी कडेचा एक तुकडा मात्र चकाकत होता. मिस्त्रींनी तो दिव्यासमोर धरून वाचायचा प्रयत्न केला आणि विचारले, "वधूवर सुखी आहेत ना?" पण तेवढ्याने भागले नव्हते. मी नट बळेच आवळल्यामुळे कार्बोरेटरचे बूड दोन्ही कानांशी किंचित वाकले होते. त्यांनी टेबलावर जाड काच ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि बूड आठाच्या आकड्यासारखे फिरवत अर्धा तास घासले. मधूनमधून पट्टी लावून खालून उजेड येतो का पाहायचे, परत घासायचे. नवे पॅकिंग बसवून नट एकेक अर्धा फेरा, आळीपाळीने आवळले. "घट्ट म्हणजे ताकद नाही साहेब, सारखं बसलं पाहिजे."

मग स्लो लावला. आधी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. इंजिन तापू दिले. स्क्रू पाव पाव फेरा फिरवून इंजिन सगळ्यांत जलद आणि सलग कुठे चालते ते कानाने शोधले, नंतर स्लोचा स्क्रू सैल करून वेग उतरवला. शेवटी एक कागद सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. तो एकसारखा बाहेर फडफडला, एकदाही आत ओढला गेला नाही, म्हणजे व्हॉल्व्हही ठीक. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. अशा नव्या गाड्यांत हे सगळे संगणक करतो, मालकाला स्क्रूच सापडत नाही. माझ्यासारख्या मालकांच्या दृष्टीने ती मोठीच सोय म्हणायची.

मजुरी त्यांनी या वेळी घेतली, आणि एप्रिलचीही मागून घेतली. मला फार बरे वाटले. चकतीचा दांडा थोडा झिजला आहे, तिथून कणभर हवा अजून शिरते, त्याचे बुश बदलायचे राहिले आहे. ते दिवाळीनंतर. पी.यू.सी. मिळाली. अक्काला भाऊबीजेला येतो म्हणून कळवले, तेव्हा तिने विचारले, "गाडीनं की एस.टी.नं?" गाडीने म्हटल्यावर ती म्हणाली, "ये. पण गतिरोधकापाशी मी खाली उतरून चालत येईन."

वहीत सौ.ने त्या दिवशीची नोंद केली आहे. पॅकिंग, मजुरी, चहा दहा कप. आणि खाली: 'नवी कात्री (त्यांच्यासाठी वेगळी), नव्वद रुपये'.