संकेतस्थळ उघडे, दार बंद!

'आमच्याशी संपर्क साधा' ही ओळ आज जवळपास प्रत्येक व्यवसायाच्या संकेतस्थळावर असते. तिच्याखाली नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि 'आपला संदेश' असे चार रकाने असतात. ग्राहक ते भरतो, बटण दाबतो आणि 'धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील' असा मजकूर पडद्यावर उमटतो. हे 'लवकरच' अनेकदा कधीच येत नाही. पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे असो, मुलाच्या क्लासची फी विचारायची असो, मंगल कार्यालयाची तारीख मोकळी आहे का हे पाहायचे असो, की मे महिन्यात कोकणात दोन खोल्या हव्या असोत. शहरी ग्राहकाचा अनुभव साधारण सारखाच असतो. दोन दिवस वाट पाहायची, तिसऱ्या दिवशी आठवण करून द्यायची आणि चौथ्या दिवशी दुसरे दुकान शोधायचे.

वरवर पाहता ही क्षुल्लक कुरकुर वाटेल. उत्तर आले नाही तर ग्राहकाचे असे काय बिघडले, असाही प्रश्न कोणी करील. मात्र या मौनाची किंमत व्यवसाय स्वतः मोजत असतो, ग्राहक मोजत असतो आणि त्याचा लाभ भलत्याच मंडळींना होत असतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही.

पहिल्या तासाचे महत्त्व

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारी पाहणी अमेरिकेतील आहे. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या मार्च २०११ च्या अंकात ती प्रसिद्ध झाली. अभ्यासकांनी २,२४१ कंपन्यांकडे ऑनलाइन चौकशी करून उत्तर किती वेळात येते हे मोजले. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात प्रतिसाद दिला, १६ टक्के कंपन्यांनी एक ते २४ तासांत, तर २४ टक्के कंपन्यांना २४ तासांहून अधिक वेळ लागला. उरलेल्या २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नाही. ज्यांनी ३० दिवसांच्या आत उत्तर दिले, त्यांचा सरासरी वेळ ४२ तासांचा होता.

त्याच लेखात दिलेला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी अर्थपूर्ण बोलणे करता येण्याची शक्यता, आणखी एक तास थांबणाऱ्या कंपन्यांच्या तुलनेत जवळपास सातपट होती. चोवीस तास किंवा अधिक काळ थांबणाऱ्यांच्या तुलनेत ती साठपटींहून जास्त होती. याचे कारण समजण्यासाठी व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही. चौकशी करणाऱ्याची निकड त्या क्षणी सर्वांत तीव्र असते आणि तो एकाच ठिकाणी विचारत नाही. जो आधी बोलतो, त्याच्याशी बोलणी पुढे सरकतात.

भारतात ही स्पर्धा आणखी चुरशीची आहे. जस्टडायल आणि इंडियामार्ट या दोन्ही कंपन्या १९९६ पासूनच्या. एका ग्राहकाची विचारणा अनेक विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणे, हाच त्यांच्या व्यवसायाचा पाया आहे. यादीत ठळकपणे दिसण्यासाठी विक्रेता पैसे भरतो, इंटरनेटवर जाहिरात करतो, संकेतस्थळ बांधतो आणि एवढे करून दारात आलेल्या ग्राहकाकडे पाठ फिरवतो. हा विरोधाभास कोठून येतो, हे पाहिले पाहिजे.

पेटी नेमकी कोणाची?

बहुतेक वेळा या मौनामागे उद्दामपणा नसतो, तर बेवारशीपणा असतो. लहान आणि मध्यम व्यवसायांचे संकेतस्थळ बाहेरच्या संस्थेने एकदाच करून दिलेले असते. दुकानाची पाटी रंगवून घ्यावी, तसा तो एकवेळचा खर्च मानला जातो. अर्जातून येणारे संदेश 'इन्फो' या नावाने सुरू होणाऱ्या एखाद्या ई-मेल पत्त्यावर जातात. तो पत्ता उघडणारा कर्मचारी नोकरी सोडून जातो, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो आणि पेटी भरत राहते. विक्री विभागाला ती चौकशी म्हणजे ग्राहकसेवेचे काम वाटते आणि ग्राहकसेवेला विक्रीचे.

दुसरे कारण निव्वळ तांत्रिक आहे आणि त्याची मालकाला कल्पनाही नसते. अनेक जुन्या संकेतस्थळांवरील अर्ज, ग्राहकाने भरलेला ई-मेल पत्ता हाच 'पाठवणारा' म्हणून वापरतात. म्हणजे पत्र ग्राहकाच्या नावाने जाते, पण ते प्रत्यक्षात संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून निघालेले असते. ई-मेल सेवांना ही तोतयेगिरी वाटते आणि असे पत्र 'स्पॅम'मध्ये टाकले जाते किंवा परत फिरवले जाते. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम अधिक कडक केले आहेत. अशा वेळी दोन्ही बाजूंचा प्रामाणिक गैरसमज होतो. 'संकेतस्थळावरून काही चौकशी येत नाही हो' असे मालक म्हणतो, तर 'यांना गिऱ्हाईकच नको आहे' असे ग्राहक म्हणतो.

तिसरे कारण म्हणजे वाढत गेलेली दारे. पूर्वी दुकानाला एक दार आणि फार तर एक दूरध्वनी असे. आज ई-मेल, फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगलवरील नोंद आणि व्हॉट्सॲप अशी पाच-सहा दारे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपची व्यावसायिक आवृत्ती आल्यानंतर किराणा दुकानापासून शिवणकामापर्यंत सर्वांनी ती स्वीकारली. पण दारे वाढली तरी दारावर बसणारा माणूस एकच राहिला. तोच गल्ल्यावर असतो, तोच कारखान्यात असतो आणि रात्री दहा वाजता थकून फोन हाती घेणाराही तोच.

चौथा प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो मोठ्या कंपन्यांत आढळतो. तेथे चौकशीचा अर्ज प्रश्नाला उत्तर देण्यासाठी नसतो, तर मोबाइल क्रमांक गोळा करण्यासाठी असतो. 'दोन खोल्यांच्या घराची एकूण किंमत किती?' असा साधा प्रश्न विचारणाऱ्याला किंमत कळत नाही. त्याऐवजी पुढचे पंधरा दिवस वेगवेगळ्या क्रमांकांवरून फोन येत राहतात आणि फोन करणाऱ्याला मूळ प्रश्नाचा पत्ताच नसतो. उत्तर न देणे आणि फोनचा भडिमार करणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दोन्हींत ग्राहकाचा प्रश्न कोणी वाचलेलाच नसतो.

तक्रारीला मुदत, चौकशीला नाही

कायदा याबाबत काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्सविषयक नियमही अधिसूचित झाले. त्यांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याचे नाव, पद व संपर्काचा तपशील संकेतस्थळावर देणे, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. इतर क्षेत्रांतही मुदती आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने, बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास लोकपालाकडे जाण्याची वाट खुली केली. 'सेबी'च्या 'स्कोअर्स' यंत्रणेची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली. तिच्यात कंपन्यांना कार्यवाहीचा अहवाल देण्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे.

या साऱ्या तरतुदींत एक समान धागा आहे. त्या 'तक्रारी'साठी आहेत, 'चौकशी'साठी नाहीत. कायद्याच्या व्याख्येतील ग्राहक म्हणजे मोबदला देऊन किंवा देण्याचे कबूल करून वस्तू वा सेवा घेणारा. केवळ विचारणा करणारा अद्याप त्या व्याख्येत बसत नाही. ज्या संकेतस्थळावर खरेदी होत नाही, केवळ माहिती आणि संपर्काचा अर्ज आहे, ते बहुधा ई-कॉमर्सच्या चौकटीतही येत नाही. थोडक्यात, पैसे भरलेल्याला कायद्याचा आधार आहे आणि विचारणाऱ्याला फक्त बाजाराचा.

चौकशीला उत्तर देण्याची सक्ती कायद्याने करावी काय? तसे करणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. एकहाती धंदा चालवणाऱ्या सुताराला अथवा गृहउद्योग करणाऱ्या महिलेला ४८ तासांचा दंडक लावणे अन्यायाचे होईल. मात्र जेथे नियम आहेत, तेथे ते कागदावर राहू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवणे किंवा यंत्रचलित संवादात ग्राहकाला गोल गोल फिरवणे, यामुळे नियमाचे अक्षर पाळले जाते आणि हेतू मात्र हरवतो.

पोकळी भरणारे भामटे

मौनाचा सर्वांत घातक परिणाम याच टप्प्यावर दिसतो. अधिकृत मार्गाने उत्तर न मिळालेला ग्राहक इंटरनेटवर त्या कंपनीचा 'कस्टमर केअर' क्रमांक शोधतो. शोधात वर आलेला क्रमांक कंपनीचाच असेल याची खात्री नसते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या जनजागृतीपर पुस्तिकेत, शोधयंत्रावर मिळालेल्या बनावट संपर्क क्रमांकांद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेथे फोन लगेच उचलला जातो, माणूस आदराने बोलतो, तक्रार लिहून घेतो आणि 'रिफंड देण्यासाठी' एखादे ॲप डाउनलोड करायला सांगतो किंवा ओटीपी विचारतो. पुढचे सांगायला नको.

खऱ्या कंपनीने न दिलेला प्रतिसाद खोटी कंपनी तत्परतेने देते, ही आजच्या बाजारपेठेची शोकांतिका आहे. ग्राहकाच्या अज्ञानाला दोष देणे सोपे आहे. परंतु अधिकृत क्रमांक सहज सापडला असता आणि त्यावर माणूस बोलला असता, तर ग्राहक भलत्या दारात गेलाच नसता. या फसवणुकीतील आपला वाटा कंपन्यांनी ओळखायला हवा.

माल गावचा, नफा दलालाचा

महाराष्ट्रातील छोट्या उद्योगांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हापूसला २०१८ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीशी साधर्म्य असलेल्या चपला झळकल्या आणि त्यावरून उठलेल्या वादामुळे मूळ कारागिरीकडे जगाचे लक्ष गेले. अशा वेळी परदेशातून एखादी विचारणा येते आणि तिला उत्तर मिळत नाही, तेव्हा एक जोड विकण्याची संधी जाते, इतकाच त्याचा अर्थ नसतो. ती मागणी जाते ती मधल्या विक्रेत्याकडे. त्याच्याकडे चोवीस तास उत्तर देणारी माणसे असतात आणि किमतीतील फरकही त्याच्याच खिशात राहतो.

कोकणातील घरगुती निवास व न्याहारीच्या व्यवसायाचेही तेच आहे. पर्यटक आधी मालकाला विचारतो. उत्तर आले नाही की तो मोठ्या आरक्षण संकेतस्थळावर जातो आणि तीच खोली तेथून घेतो. मालकाला गिऱ्हाईक मिळते, पण कमिशन देऊन. अमेरिकेतील मराठी कुटुंब दिवाळीच्या फराळाची चौकशी रात्री जेवणे उरकल्यावर करते, तेव्हा इकडे सकाळ उजाडत असते. मालक दुपारी फोन पाहतो, तोवर तिकडे मध्यरात्र झालेली असते. दिवाळीला दहा दिवस उरलेले असताना असा एकेक दिवस महागात पडतो.

उपाय खर्चाचा नाही

यावर महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. मालकाने आठवड्यातून एकदा स्वतःच्याच संकेतस्थळावरून एक चौकशी पाठवून पाहावी; ती पोहोचते का आणि कोण वाचते, हे त्यातच कळते. पेटी रोज उघडण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. जी दारे सांभाळता येत नाहीत, ती सरळ बंद करावीत. वारंवार विचारले जाणारे दर, वेळा आणि पत्ता पानावरच द्यावेत, म्हणजे निम्म्या चौकशा उद्भवणार नाहीत. आपोआप जाणारा निरोप खरा असावा. 'लवकरच' लिहिण्याऐवजी 'संध्याकाळी सात ते आठ या वेळेत उत्तर देतो' असे लिहावे. आणि काम घेणे शक्य नसेल तर तसे कळवावे. नकार हेही उत्तर असते आणि त्याने ग्राहकाचा वेळ वाचतो.

ग्राहकानेही काही पथ्ये पाळावीत. चौकशीच्या तारखा आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. संपर्क क्रमांक शोधयंत्रावरून न घेता पावतीवरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. पैसे अडकले असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकाचा आधार घ्यावा. सायबर फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे. ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास २०१९ च्या कायद्याने आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा दिली आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच जो उत्तर देत नाही, तो रक्कम घेतल्यावर देईल का, याचाही विचार करावा.

टपालाच्या काळात 'उलट टपाली कळवावे' अशी विनंती करून लोक जोडकार्ड पाठवत. एका कार्डावर प्रश्न असे आणि दुसरे कोरे कार्ड उत्तरासाठी असे. उत्तराचे पैसे विचारणाऱ्यानेच भरलेले असत. 'दुपारी एक ते चार दुकान बंद राहील' या पुणेरी पाटीची आजवर भरपूर टिंगल झाली. पण त्या पाटीने गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवले नाही. चारनंतर यावे, हे तिने स्पष्ट सांगितले. आज उत्तर पाठवायला कार्डही लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. तरीही ग्राहक दारात उभाच आहे आणि दुकान उघडे आहे की बंद, एवढेही त्याला कोणी सांगत नाही.