हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात पेडणे महालातील एका घरी आमचे जाणे झाले. घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलीला रात्री खोकला, पहाटे छातीत घरघर आणि सकाळी उठल्यावर शिंकांवर शिंका. डॉक्टरांनी मांजराची अ‍ॅलर्जी सांगितली होती. काजूचे पैसे हाती येताच घरच्यांनी हवा शुद्ध करणारे यंत्र आणले. आम्ही गेलो तेव्हा ते माजघरात घोंघावत होते. वर मंगळुरी कौले, भिंत आणि वासे यांच्यामध्ये हातभर फट, खिडक्या सताड उघड्या आणि मांजर त्या मुलीच्या गादीवर निजलेले! विक्रेत्याने म्हणे सारे घर शुद्ध होईल असे सांगितले होते. यंत्र आले म्हणून मुलीचा दम्याचा पंपही बंद केला होता. हे ऐकून मात्र आम्ही चपापलो.

यंत्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. आतला पंखा खोलीतली हवा ओढून दाट घड्यांच्या जाळीतून सोडतो. 'हेपा' नावाची ही जाळी ०.३ मायक्रॉन एवढे सूक्ष्म कणदेखील शंभरात ९९.९७ अडवते. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुबाँबच्या कामातील किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी ती प्रथम तयार झाली. मांजराचा त्रास केसांमुळे होतो असे आपण समजतो, पण खरे कारण त्याच्या लाळेत व कातडीच्या तेलग्रंथींत तयार होणारे एक प्रथिन आहे. मांजर अंग चाटते, लाळ सुकते आणि ते प्रथिन कोंड्याबरोबर उडते. त्याचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. कुत्र्याच्या लाळेत व कोंड्यातही अशी प्रथिने असतात.

हवेत तरंगणारे कण यंत्र टिपते. गादीत, उशीत, गोधडीत रुतून बसलेले टिपत नाही. १९९८ साली अमेरिकेत मांजर पाळणाऱ्या रुग्णांच्या निजायच्या खोलीत अशी यंत्रे ठेवून पाहिली, तेव्हा हवेतले द्रव्य घटले, पण रुग्णांचा त्रास म्हणावा तसा घटला नाही. तीही बंद खोलीची गोष्ट. आपल्या कौलारू घरात हवा एका बाजूने येते नि दुसरीने जाते. यंत्र म्हणजे उघड्या मानशीतून पाणी येत असताना तांब्याने शेत उपसण्याचा प्रकार! डिचोलीच्या बाजूला तर २०२४ पासून खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगतच्या घरात खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवाल, तर महागडी जाळी तांबड्या धुळीनेच लवकर तुंबेल.

मग मांजर पोत्यात घालून बाजारात सोडावे काय? पुष्कळजण तेच करतात, आणि ते आम्हाला मुळीच पसंत नाही. भाताच्या कणगीजवळचा उंदीर कोण धरणार? माडावर माकडे आली की कोण भुंकणार? शिवाय मांजर गेले तरी त्याचे द्रव्य घरात चार-सहा महिने टिकते. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून घरचे निराश होतात, आणि मुके जनावर उगाच देशोधडीला लागते.

आमच्या मते आधी निजायची एक खोली राखावी. तिथे मांजर-कुत्र्याने पाऊल टाकता कामा नये, रात्रीही नाही नि दुपारीही नाही. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, गालिचा काढून टाकावा. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तर फरक पडतो. मांजराला घालण्यात अर्थ नाही, आठवडाभरही गुण टिकत नाही, आणि ओरखडे मिळतात ते वेगळेच. आपल्याकडच्या दमट हवेत गादीतले धुळीचे किडेही असाच त्रास देतात, तेव्हा दोष मांजराचाच की त्यांचा हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

एवढे करून खोलीला तक्तपोशी असेल, दारे-खिडक्या नीट लागत असतील आणि पैसा असेल, तर यंत्र जरूर घ्यावे. मात्र ते खोलीच्या आकाराचे घ्यावे, आणि जाळी वेळोवेळी बदलण्याचा खर्च आधी विचारावा. ओझोन सोडणारे यंत्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. ओझोन दम्याच्या माणसाला अपायकारक आहे.

एवढ्यानेही मुलाचा दमा आटोक्यात येत नसेल आणि डॉक्टरांनी जनावर हलवायला सांगितले, तर ऐकावे. पण ते नातेवाइकाकडे किंवा शेजारच्या वाड्यावर द्यावे, वाऱ्यावर सोडू नये. पंप मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बंद करू नये. त्या मुलीचा पंप दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाला. मांजर आता पडवीत निजते, आणि यंत्र माजघरातून उचलून मुलीच्या खोलीत ठेवले आहे. तिथे तक्तपोशी बसवायला सुतार दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.