एकच माप, एकच मेळ

आपल्या घरांतील अनेक मुलेमुली आज पेढीवर न बसता संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या व्यवसायात उतरली आहेत. पेढ्यांची बिले आणि खतावण्याही आता आज्ञावल्यांवरच चालतात. म्हणून या व्यवसायातील एका शिस्तीची ओळख वडीलधाऱ्यांनाही असावी.

आज्ञावली एडिटरमध्ये लिहिली जाते आणि कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवतो. लिहीत असतानाच चूक अधोरेखित करणारा सहायक म्हणजे लँग्वेज सर्व्हर. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची जोडणी वेगळी करावी लागे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने एडिटर आणि सहायक यांच्या संवादाचा खुला संकेत जाहीर केला. त्यामुळे दहा एडिटर आणि दहा भाषा यांच्यासाठी शंभर जोडण्यांऐवजी वीस पुरू लागल्या.

दुसरी सोय निक्सची. एल्को डोलस्त्रा यांनी २००६ साली उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात तिचे तत्त्व मांडले आहे. प्रकल्पाला लागणाऱ्या साधनांची यादी एका फाइलमध्ये लिहावयाची आणि त्यांचा नेमका स्रोत लॉक फाइलमध्ये नोंदवून ठेवावयाचा. मग नवा सहकारी आला, यंत्र बदलले, तरी साधने तीच मिळतात.

एवढे करूनही पुष्कळांची गफलत होते. कंपायलर यादीत असतो. सहायक मात्र ज्याच्या त्याच्या यंत्रावर पूर्वी कधीतरी बसवलेला असतो. हास्केल भाषेत हे तत्काळ उघडकीस येते. तिचा लँग्वेज सर्व्हर ज्या आवृत्तीच्या कंपायलरने घडवलेला असेल, त्याच आवृत्तीच्या प्रकल्पावर तो नीट चालतो. इतर भाषांत दोष छुपा राहतो: कंपायलर ज्याला मान्यता देतो, त्याच ओळीखाली एडिटर लाल रेघ ओढतो. रोजकीर्द एक सांगते आणि खतावणी दुसरे, अशीच ही अवस्था. यातील मोठा धोका वेगळाच आहे. खोट्या इशाऱ्यांची सवय जडली की खरा इशाराही नजरेआड होतो आणि चूक थेट ग्राहकाच्या बिलापर्यंत पोहोचते.

उपाय साधा आहे. सहायकाचे नाव कंपायलरच्या शेजारीच, त्याच यादीत लिहावे. हास्केलच्या ९.६ आवृत्तीचा कंपायलर घेतला, तर सहायकही ९.६ च्या संचातूनच घ्यावा. लॉक फाइल प्रकल्पासोबत सर्वांना द्यावी. एडिटर पडद्यावरील चित्रावर टिचकी मारून उघडला, तर त्याला ही यादी ठाऊकच नसते. म्हणून तो निक्सच्या शेलमधून उघडावा किंवा डायरेन्व हे साधन आणि त्याची एडिटरमधील जोड वापरावी. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरताच डायरेन्व योग्य साधने पुढे करते. मात्र तेथील आज्ञा वाचून प्रथम आपण संमती द्यावी लागते. परक्या फोल्डरला न वाचता संमती देऊ नये. शेवटी, चालू असलेला सहायक निक्सच्या भांडारातूनच आला आहे ना, हे त्याच्या पत्त्यावरून पडताळावे.

अक्षरांचा आकार, रंगसंगती, एडिटरची निवड ही ज्याची त्याची आवड. ती सामायिक यादीत लादू नये. जेथे खरे-खोटे ठरते, ते माप मात्र सर्वांचे एकच असावे. मुलांनी नवे काम हाती घेतले की कंपायलर आणि सहायक एकाच यादीत आहेत का, एवढे त्यांना अवश्य विचारावे.