बाई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका साक्षगंधाला गेले होते. तिथे चार जणींनी चार वेळा एकच प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता हो? 74 वर्षांच्या वाटतच नाही!" मी काही बोलायच्या आत माझ्या नणंदेनं निकाल लावून टाकला, "लावते काय? त्यांच्या माहेरची कातडीच तशी. रक्तातच असावं लागते." त्यावर कॉलेजातल्या मुली तुटून पडल्या. रक्त-बिक्त काही नाही, रुटीन लागतं म्हणे. सकाळचं वेगळं, रात्रीचं वेगळं, आणि मधे ते सीरम. एकीनं फोनमध्ये बाटल्यांचे फोटोही दाखवले. एका बाटलीच्या किमतीत आमच्या काळी महिन्याचा किराणा आला असता... असो.

दोघींचंही चुकतंय असं मला तेव्हाच म्हणायचं होतं, पण पंगत बसली आणि राहून गेलं. म्हणून आता सविस्तर.

नणंदबाईंना पहिला प्रश्न. माहेरची कातडी म्हणता, मग माझ्या धाकट्या बहिणीचं काय? एकाच आईबापाच्या आम्ही. लहानपणी लोक आम्हाला जुळ्या समजायचे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण आज शेजारी बसलो तर लोक तिलाच मोठी समजून आधी तिच्या पाया पडतात. गालांवर काळे डाग, कपाळावर, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. ती चिमूरजवळच्याच एका खेड्यात दिली. पावसाळ्यात धानाचा रोवणा, मग निंदण, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटेच रानात.

आणि मी? 32 वर्षं शाळेत. शाळा अकरा ते पाच. म्हणजे ऊन जेवढा वेळ कडक, नेमका तेवढा वेळ मी कौलाखाली! उन्हाळ्यात सकाळची शाळा, आणि आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45-46 च्या वर जातो तेव्हा सरकार पगारी सुट्टी देत होतं. माझ्या चेहऱ्याचं रहस्य विचाराल तर ते शाळेचं वेळापत्रक आहे. आईनं दिलेलं दोघींना सारखंच होतं.

हे माझ्या घरापुरतं नाही. अमेरिकेतल्या एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो 2012 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. 28 वर्षं ट्रक चालवला. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीकडचा डावा गाल जाड, लोंबलेला, सुरकुतलेला. उजवा त्या मानानं बराच बरा. एकाच माणसाचं एकच रक्त, आणि दोन चेहरे. काचेतून सगळं ऊन अडत नाही, हे त्यातून शिकण्यासारखं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एसटीत पुढची जागा मिळाली तर ड्रायव्हरदादांचा उजवा गाल बघा.

आता रक्ताचं जिथे खरं आहे तिथे ते मान्य करते. मुरुमांच्या बाबतीत घराण्याचा हात मोठा. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींवर केलेल्या 2002 सालच्या अभ्यासात मुरुमांतला 81 टक्के फरक आनुवंशिक निघाला. तेव्हा तोंडावर फोड असलेल्या पोरीला "तोंड नीट धूत नाहीस" म्हणून टोचणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. आणि रंग तर जनुकांचाच. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि एस्टोनियातल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवलं, की आपल्या लोकांच्या वर्णातला काही फरक एका जनुकातल्या एका बदलाशी जोडलेला आहे.

मुलींचंही थोडं ऐकते. क्रीमनं काहीच होत नाही हे खोटं. ऑस्ट्रेलियात नऊशेवर लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, वाटलं तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. 2013 साली ते छापून आलं. थंडीत साधं व्हॅसलीनही काम करतं. पण सीरमच्या पाच बाटल्या घेऊन भर दुपारी तोंड उघडं टाकून स्कुटीवर फिरायचं, याला काय म्हणावं? चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून जाणारी आमच्या गावची पोट्टी जास्त शहाणी.

माझा खरा राग मात्र पुढे आहे. या सगळ्या भांडणात "चांगली त्वचा" म्हणता म्हणता सगळे "गोरी त्वचा" म्हणू लागतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीनं 2020 साली नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. बायोडेटातला "गोरी" हा शब्द मात्र कुठे बदलला?

2023 सालची अकोल्याची बातमी आठवते? एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली. स्थानिक ब्युटिशियनकडचं उजळ करणारं क्रीम लावलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो, आणि तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो. 2020 च्या नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. पण लेबलच नसलेल्या डबीला कोण नियम दाखवणार?

दुसरं म्हणजे स्टेरॉइडची मलमं. चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली सरकारनं अशी चौदा मलमं यादीत घातली. तरी आमच्या नात्यातल्या एका मुलीला ते सहज मिळालं. पहिला महिना चेहरा चकाकला, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. नंतर कातडी पातळ झाली, उन्हात गेली की लालबुंद. मलम थांबवलं तर फोडच फोड. नागपूरच्या डॉक्टरांकडे वर्ष गेलं. तिच्यासाठी स्थळ बघताना "मुलगी गुणी आहे, रंग तेवढा जरा कमी" असं फोनवर कोण म्हणालं होतं माहीत आहे? मीच. ती शेजारच्या खोलीत होती.

आणि खरं सांगायचं तर ही सवय जुनी. स्नेहसंमेलनात स्वागतगीताला पुढच्या रांगेत कोणत्या मुली उभ्या करायच्या हे वर्षानुवर्षं मीच ठरवायची. आवाज पाहून ठरवत नव्हते. मागच्या रांगेतल्या मुली आज पन्नाशीच्या झाल्या असतील, बाजारात भेटल्या की अजून वाकून नमस्कार करतात, आणि मला त्यांच्या डोळ्यात बघवत नाही.

परवा बहीण आली होती. मी मोठ्या हौसेनं तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीनची ट्यूब आणून ठेवली होती. तिनं ट्यूब उलटीसुलटी करून किंमत वाचायला सांगितली. मी वाचली. मग म्हणाली, "बाई, हे मले तू चाळीस वर्षाआधी द्याचं होतं वं." टोपी मात्र घेऊन गेली. नातू घालतो म्हणे.