परिसेविका आधी घडवा
चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस कोळशाचं गाव. बारावी झालेली इथली मुलगी नर्सिंगकडे वळते ती नोकरी लवकर लागेल म्हणून, आणि त्यात गैर काही नाही. जीएनएम या नर्सिंग पदविकेची तीन वर्षं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, मग अधिपरिचारिका. शासकीय सेवेत पुढे परिसेविका म्हणजे वॉर्डची प्रमुख, मग सहायक अधिसेविका आणि अधिसेविका. कागदावर चढण सरळ दिसते. पण परिसेविका झाली की हातातला रुग्ण सुटतो आणि रजिस्टर येतं: रात्रपाळीला कोण, इंजेक्शनांचा साठा किती, धुलाईला गेलेल्या चादरी आल्या का, अचानक रजा टाकणारीच्या जागी कोणाला उभं करायचं? सलाईन लावण्यातली सफाई इथे उपयोगाची नाही. अभ्यासक्रमातला प्रशासनाचा धडा तोवर विसरलेला असतो. कंत्राटी भगिनींना तर ही चढणच नाही. करार संपला की पुन्हा करार, पद तेच.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बढतीपूर्वी महिनाभराचं वॉर्ड-व्यवस्थापन प्रशिक्षण तिथे सक्तीचं करावं. घुग्घुसच्या राजीव रतन रुग्णालयातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) परिचारिकांनाही त्यात जागा द्यावी.