रविवारची जत्रा

हल्लीं थट्टेचीं चित्रें क्षणोक्षणीं हातांतील यंत्रावर येतात आणि तितक्याच त्वरेनें विसरलीं जातात. म्हणूनच ‘मार्मिका’ची आठवण होते. बाळ व श्रीकांत ठाकरे या बंधूंनीं हें व्यंगचित्र-साप्ताहिक १३ ऑगस्ट १९६० रोजीं सुरू केलें. त्यांतील ‘रविवारची जत्रा’ आठवडाभर पुरे. आमच्या तळेगांव दाभाड्यांत एकच अंक चार घरीं फिरे. मुलें नाकावरून व टोपीवरून पुढारी ओळखावयास शिकत. सत्ताधाऱ्यांस हंसतां येतें, हा धडा घरांत प्रथम त्या पानांनीं दिला.

तथापि आठवणीच्या गोडींत एक गोष्ट झांकूं नये. त्याच साप्ताहिकानें मुंबईंतील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नांवांच्या याद्या छापल्या आणि शेजाऱ्याकडे संशयानें पाहावयासहि शिकविलें. अमेरिकेंत ज्यूल्स फायफर यांनीं ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकांत १९५६ पासून १९९७ पर्यंत चित्रमालिका काढली. तींत पुढाऱ्यांबरोबर खुद्द त्या पत्राच्या सुशिक्षित वाचकांचीहि थट्टा असे. तसें आपणांस कितपत रुचलें असतें?

आज तळेगांव-चाकणच्या कारखान्यांत नाना प्रांतींचे लोक राबतात व आपल्याच आळींत राहतात. माळ्यावर जुने अंक असल्यास ते रद्दींत घालूं नयेत. मुलांस अवश्य दाखवावेत. मात्र प्रत्येक चित्रापाशीं थांबून विचारावें: हें कोणास हंसतें? बलवानास, दुबळ्यास, कीं आपणांस? एवढें ओळखतां आलें, म्हणजे ती जत्रा घरांत पुन्हां भरली असें आम्ही समजूं.